परकीय भांडवलाने विकास होतो का? किती आले यापेक्षा कोणाच्या ताळेबंदात गेले ते पाहा

एका संशोधकाने मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: व्यवस्थापन संस्थेत पीएचडीसाठी 'आंतरराष्ट्रीय वित्त आणि आर्थिक विकास' हा विषय घेतला आहे. परकीय भांडवल आल्याने गरीब देशाचा विकास होतो का, याचे सरळ उत्तर वाचनातून मिळत नाही. एक शोधनिबंध 'होतो' म्हणतो, दुसरा 'होत नाही' म्हणतो. शिवाय हा तर अर्थशास्त्र विभागाचा विषय, बिझनेस स्कूलमध्ये त्याचे काय काम, असेही लोक विचारतात.

मी हा विषय बरीच वर्षे शिकवते आहे आणि प्रबंधांना मार्गदर्शनही करते. माझे मत आधीच सांगून टाकते. 'किती भांडवल आले आणि वाढीचा दर किती झाला' एवढेच विचारले तर उत्तर कधीच हाती लागणार नाही. ते कोणत्या चलनात आले, किती मुदतीसाठी आले, कोणाच्या ताळेबंदात जाऊन बसले आणि परत फिरले तेव्हा फटका कोणी सोसला, हे विचारायला लागलात की उत्तरे मिळू लागतात. ताळेबंद वाचणे हे बिझनेस स्कूलचे रोजचे काम आहे, त्यामुळे तुमच्या दुसऱ्या शंकेचे उत्तरही यातच आले.

गोंधळ कुठून सुरू झाला ते आधी पाहू. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट लुकास यांनी १९९० मध्ये एक छोटा निबंध लिहिला. पाठ्यपुस्तकातला तर्क असा की जिथे भांडवल दुर्मीळ, तिथे त्यावरचा परतावा जास्त; म्हणून पैसा श्रीमंत देशांकडून गरीब देशांकडे वाहायला हवा. लुकास यांनी भारत आणि अमेरिका यांचे आकडे या तर्कात घालून पाहिले. भारतात भांडवलाचा सीमांत परतावा, म्हणजे आणखी एक रुपया गुंतवला तर त्यावर मिळणारा परतावा, अमेरिकेच्या ५८ पट निघाला. तसे असते तर जगभरच्या गुंतवणूकदारांनी अमेरिकेत एक डॉलरही ठेवला नसता. प्रत्यक्षात बहुतेक भांडवल श्रीमंत देशांमध्येच फिरत होते. हे कोडे सोडवण्यात दोन दशके गेली. मनुष्यबळाचे कौशल्य, कर्ज बुडण्याची भीती, कायद्याची अंमलबजावणी अशी अनेक कारणे पुढे आली. २००८ मध्ये लॉरा अल्फारो, शेब्नेम कालेमली-ओझ्जान आणि वादिम वोलोसोविच यांनी बऱ्याच देशांचे आकडे तपासून सांगितले की सगळ्यात मोठे कारण संस्थांची, म्हणजे प्रशासन आणि न्यायव्यवस्था यांची, गुणवत्ता हेच दिसते. अल्फारो तेव्हा हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकवत होत्या, हे तुमच्या सहकाऱ्यांना जरूर सांगा.

पण कोडे तिथे संपले नाही, उलट वाढले. पिएर-ऑलिव्हिए गूरिन्शास आणि ऑलिव्हिए झान यांना दिसले की विकसनशील देशांतही ज्यांची उत्पादकता जास्त वेगाने वाढली, त्यांच्याकडे भांडवल कमी गेले. ईश्वर प्रसाद, रघुराम राजन आणि अरविंद सुब्रमण्यन यांनी २००७ मध्ये दाखवले की परकीय पैशावर कमी विसंबलेले विकसनशील देश सरासरीने जास्त वेगाने वाढले. दुसऱ्या बाजूला गेर्ट बेकार्ट, कॅम्पबेल हार्वी आणि ख्रिश्चन लुंडब्लाड यांनी २००५ मध्ये मांडले की शेअर बाजार परदेशी गुंतवणूकदारांना खुला केल्यावर वार्षिक वाढीचा दर सुमारे एक टक्क्याने वर जातो. तुम्ही वाचलेला 'होतो' आणि 'होत नाही' हा वाद बहुधा हाच.

माझ्या मते हे निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत, कारण ते वेगवेगळ्या पैशाबद्दल बोलतात. शेअरमध्ये आलेला पैसा तोटा झाला तर स्वतःही तोटा सोसतो. बँकेचे सहा महिन्यांचे डॉलर कर्ज काहीच सोसत नाही, ते ठरलेल्या तारखेला ठरलेल्या चलनात परत मागते. या दोन्ही रकमांची बेरीज करून 'भांडवली ओघ' असा एक आकडा तयार केला आणि तो शंभर देशांच्या वाढीच्या दरापुढे मांडला, तर काहीही निघू शकते. नवे विद्यार्थी नेमके हेच करतात, कारण आकडे सहज उतरवून घेता येतात. तुम्ही ते करू नका.

देशांच्या सरासरीतून बाहेर पडण्याची एक वाट राजन आणि लुइजी झिंगालेस यांनी १९९८ मध्ये दाखवली. दोघेही तेव्हा शिकागोच्या बिझनेस स्कूलमध्ये होते. त्याआधी १९९३ मध्ये रॉबर्ट किंग आणि रॉस लेव्हिन यांनी १९६० ते १९८९ या काळातले ८० देश घेऊन दाखवले होते की वित्तव्यवस्था मोठी असेल तिथे वाढही जास्त. त्यावर आक्षेप उघडच होता: बँकांमुळे वाढ झाली, की वाढ होणार हे दिसल्यामुळे बँका वाढल्या? राजन आणि झिंगालेस उद्योगांच्या पातळीवर उतरले. औषधनिर्मितीला बाहेरून पैसा फार लागतो, कारण संशोधनावर आधी वर्षानुवर्षे खर्च होतो आणि विक्री नंतर सुरू होते. तंबाखू उद्योगाला तसा लागत नाही, तो स्वतःच्या नफ्यावर चालतो. मग वित्तव्यवस्था खरोखर कामाची असेल, तर जिथे ती चांगली आहे तिथे औषधासारखे उद्योग तंबाखूसारख्यांच्या तुलनेत जास्त वेगाने वाढायला हवेत. तसेच आढळले. एकाच देशातल्या दोन उद्योगांची तुलना असल्याने 'त्या देशाचे सरकारच चांगले होते' वगैरे आडव्या शंका बऱ्याच गळून पडतात.

यापुढचे पाऊल माझ्या सगळ्यात आवडीचे आहे, म्हणून त्यावर जरा थांबते.

मे १९९८ मध्ये भारताच्या अणुचाचण्यांपाठोपाठ पाकिस्ताननेही चाचण्या केल्या. निर्बंध येणार आणि डॉलर आटणार हे उघड होते. पाकिस्तानातल्या बँकांत तेव्हा डॉलरमधल्या ठेवी मोठ्या प्रमाणावर होत्या. सरकारने त्या गोठवल्या. पैसे काढायचे तर रुपयांत, आणि तेही बाजारापेक्षा कमी दराने. ठेवीदार घाबरले आणि मिळेल त्या दराने पैसे काढू लागले. ज्या बँकेकडे डॉलर ठेवी जास्त, तिची तिजोरी जास्त रिकामी झाली. असिम ख्वाजा आणि आतिफ मियां यांनी मध्यवर्ती बँकेकडच्या कर्जनोंदी मिळवल्या. कोणत्या कंपनीचे कोणत्या बँकेकडे किती कर्ज, हे दर तिमाहीचे त्यात होते. मग त्यांनी अशा कंपन्या निवडल्या ज्यांचे कर्ज एकापेक्षा जास्त बँकांकडे होते.

ही निवड का महत्त्वाची? बँकेने कर्ज कमी केले असे दिसले, तर दोन शक्यता असतात. एक, बँकेकडे पैसा नव्हता. दोन, कंपनीलाच कर्ज नको होते, कारण मंदीत मालाला मागणी नव्हती. कंपनी एकच असेल आणि बँका दोन, तर कंपनीची गरज दोन्हीकडे सारखीच. फरक उरतो तो बँकेचा. आकडा असा निघाला की ज्या बँकेची रोकड १ टक्का जास्त आटली, तिने त्याच कंपनीचे कर्ज दुसरीपेक्षा सुमारे ०.६ टक्का जास्त कापले.

याहून महत्त्वाचा भाग पुढे आहे. मोठ्या कंपन्यांनी, विशेषतः व्यावसायिक किंवा राजकीय लागेबांधे असलेल्यांनी, एका बँकेने हात आखडता घेतल्यावर दुसरीकडून तेवढेच कर्ज उभे केले. लहान कंपन्यांना ते जमले नाही. त्यांचे एकूण कर्जच घटले आणि थकबाकी वाढली. म्हणजे एका आंतरराष्ट्रीय घटनेचा फटका डॉलर ठेवींतून बँकेत, बँकेतून लहान कारखानदारावर, असा पायरीपायरीने उतरला. 'पाकिस्तानचा वाढीचा दर इतक्या टक्क्यांनी घसरला' एवढ्या एका ओळीत हे काहीच दिसले नसते. विकासाचा प्रश्न कोणाला पतपुरवठा मिळाला आणि कोणाला नाही, इथेच असतो. हा निबंध पुन्हा वाचा, आणि या वेळी निष्कर्षापेक्षा माहिती कशी जमवली याकडे लक्ष द्या.

आता चलनाकडे येते. एक साधे गणित मांडू. एका वीज कंपनीने १ कोटी डॉलरचे कर्ज ५ टक्क्यांनी घेतले. तेव्हा एक डॉलर म्हणजे ५० एकक स्थानिक चलन, म्हणजे कर्ज ५० कोटींचे. देशात हेच कर्ज ११ टक्क्यांनी मिळत होते, म्हणजे वर्षाला ३ कोटींची बचत. संचालक मंडळ खूश, विश्लेषकही खूश. पुढच्या वर्षी डॉलर ६५ वर गेला. मुद्दल झाले ६५ कोटी. पाच वर्षांत जेवढी बचत व्हायची तेवढे १५ कोटी एका फटक्यात गेले. विजेचे बिल मात्र ग्राहक स्थानिक चलनातच भरतो. हीच कंपनी निर्यातदार असती तर तिची येणीही डॉलरमध्ये वाढली असती आणि फारसे बिघडले नसते. कर्ज तेच, दर तोच, पण एका ताळेबंदात ते सोयीचे आणि दुसऱ्यात घातक.

आशियात १९९७ मध्ये हेच घडले, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. २ जुलै १९९७ रोजी थायलंडने आपले चलन बाथ मोकळे सोडले, म्हणजे त्याचा दर बाजारावर सोपवला. थायलंड, इंडोनेशिया, दक्षिण कोरिया या देशांची सरकारी अंदाजपत्रके बऱ्यापैकी आटोक्यात होती, त्यामुळे उधळे सरकार हे नेहमीचे कारण तिथे लागू पडत नव्हते. खासगी कंपन्या आणि बँकांनी थोड्या मुदतीचे डॉलर उचलून ते दीर्घ मुदतीच्या स्थानिक प्रकल्पांत घातले होते. मुदतही जुळत नव्हती आणि चलनही. बॅरी आयकेनग्रीन आणि रिकार्डो हाउसमन यांनी १९९९ मध्ये या दुखण्याला 'मूळ पाप' म्हटले: विकसनशील देशाला परदेशातून स्वतःच्या चलनात दीर्घ मुदतीचे कर्ज मिळतच नाही. पैसा अचानक थांबतो तेव्हा काय होते, यावर गिलेर्मो काल्व्हो यांचे काम वाचा.

चलनाचा धोका घरगुती कर्जदारावर पडला तर आणखी वाईट. हंगेरीत २००८ पूर्वी गृहकर्जे सर्रास परकीय चलनात, मुख्यतः स्विस फ्रँकमध्ये दिली जात होती, कारण व्याज कमी होते. २००८ च्या अखेरीस हंगेरीचे चलन फोरिंट कोसळले आणि पगार फोरिंटमध्ये असलेल्या कुटुंबांचे हप्ते फुगले. एमिल व्हर्नर आणि ग्योझो ग्योंग्योशी यांनी ज्या भागांत अशी कर्जे जास्त होती आणि जिथे कमी होती, त्यांची तुलना केली. जास्त कर्जाच्या भागांत थकबाकी वाढली, खर्च आटला, स्थानिक मंदी खोल गेली. परकीय चलनात एक पैशाचेही कर्ज नसलेल्या शेजाऱ्यांनाही झळ बसली. आणि हे कर्ज कंपन्यांऐवजी घरांच्या माथी असेल तेव्हा परिणाम जास्त तीव्र, असे त्यांना आढळले. परदेशातून आलेली रक्कम तेवढीच असली तरी ती कोणाच्या नावावर आहे यावर सगळे ठरते, हे यापेक्षा स्वच्छ दाखवणारा अभ्यास माझ्या पाहण्यात नाही.

पैसा परत गेला नाही, टिकून राहिला, तरी तो योग्य हातात पडतो असे नाही. युरो आल्यावर स्पेनमध्ये व्याजदर उतरले आणि बाहेरचा पैसा भरपूर आला. गीता गोपीनाथ, कालेमली-ओझ्जान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ ते २०१२ मधल्या स्पॅनिश उत्पादक कंपन्यांचे ताळेबंद पाहिले. भांडवल जास्त उत्पादक कंपन्यांकडे गेले नव्हते. ज्यांच्याकडे तारण द्यायला आधीच मालमत्ता होती, त्यांच्याकडे गेले होते. परिणामी पैसा वाढला आणि एकूण उत्पादकता खालावली. बँक तारण पाहते, कल्पना पाहत नाही, ही तक्रार लहान उद्योजक नेहमी करतात. इथे तिचा देशाच्या पातळीवरचा परिणाम मोजला गेला.

मग दारे बंद करावीत का? चिलीने १९९१ ते १९९८ या काळात बाहेरून येणाऱ्या पैशाचा काही भाग बिनव्याजी राखून ठेवण्याची सक्ती केली होती, म्हणजे थोड्या मुदतीच्या पैशाला ते महाग पडावे. या धोरणाचे खूप कौतुक झाले, आणि ओघाची मुदत लांबवण्यात त्याला काही यश आलेही. पण एमआयटीच्या स्लोन स्कूलमधल्या क्रिस्टिन फोर्ब्स यांनी शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या तपासल्या, तेव्हा या काळात लहान कंपन्यांना पैशाची चणचण जास्त भासल्याचे दिसले. कंपनी जितकी मोठी तितकी अडचण कमी. निर्बंधाची किंमत कोणीतरी मोजतेच, आणि पुन्हा ती लहानच मोजतो. याचा अर्थ निर्बंध नकोत असा मी घेत नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनेही २०१२ मध्ये काही परिस्थितीत ते योग्य ठरू शकतात असे मान्य केले. पण ज्या प्रबंधात निर्बंधांचा फक्त विनिमय दरावरचा परिणाम मोजलेला असतो, तो मला अर्धवट वाटतो.

थेट परकीय गुंतवणूक, म्हणजे एफडीआय, हा सुरक्षित आणि ज्ञान घेऊन येणारा पैसा, असे मानले जाते. ब्रायन एटकेन आणि अ‍ॅन हॅरिसन यांनी १९९९ मध्ये व्हेनेझुएलाबद्दल दाखवले की परदेशी कंपनी आल्यावर त्याच क्षेत्रातल्या देशी कंपन्यांची उत्पादकता घटली. बाजार त्यांच्याकडून हिसकावला गेला. बिएटा याव्होर्चिक यांनी २००४ मध्ये लिथुआनियात वेगळीकडे पाहिले, परदेशी कंपनीला माल पुरवणाऱ्यांकडे. तिथे फायदा आढळला. प्रतिस्पर्ध्याला फटका आणि पुरवठादाराला लाभ, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते.

एफडीआयच्या बाबतीत मात्र आधी एक खबरदारी घ्या. यानिक दामगार्ड, थॉमस एल्क्येर आणि नील्स योहानसेन यांच्या अंदाजानुसार जगातल्या एफडीआयपैकी जवळजवळ ४० टक्के, सुमारे १५ लाख कोटी डॉलर, ही निव्वळ कागदी गुंतवणूक आहे. पैसा एका पोकळ कंपनीत शिरतो आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडतो. कारखाना नाही, कामगार नाही. सुमारे सहा लाख लोकवस्तीच्या लक्झेंबर्गमध्ये ४ लाख कोटी डॉलरची एफडीआय नोंदलेली होती, साधारण अमेरिकेइतकी. हे आकडे गाळून न घेता 'एफडीआय आणि विकास' असे समीकरण चालवणाऱ्या विद्यार्थ्याला मी पहिला प्रश्न हाच विचारते. रोख्यांच्या बाबतीतही तसेच. केमन बेटांवर नोंदलेली कंपनी प्रत्यक्षात चीनची किंवा ब्राझीलची असू शकते. मातेओ माज्जोरी, ब्रेंट नायमन, जेस श्रेगर आणि अंतोनियो कोपोला यांनी २०२१ मध्ये प्रत्येक रोखा मूळ कंपनीशी जोडून जगाचा नकाशा पुन्हा काढला, तेव्हा श्रीमंत देशांतून उदयोन्मुख देशांच्या कंपन्यांकडे गेलेला पैसा सरकारी आकडेवारीपेक्षा बराच जास्त निघाला.

लंडन बिझनेस स्कूलच्या एलेन रे यांचा २०१३ चा मुद्दाही तुम्हाला लागेल. विनिमय दर मोकळा ठेवला तरी देशाला स्वतःचे पतधोरण राखता येत नाही, कारण जगभरच्या पतपुरवठ्याची भरती-ओहोटी अमेरिकेच्या व्याजदराबरोबर होते, असे त्यांचे म्हणणे. मला हे थोडे टोकाचे वाटते. मोकळा दर काहीतरी उशी देतोच. पण दिशा बरोबर आहे. मे २०१३ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने रोखेखरेदी कमी करण्याचा नुसता उल्लेख केला आणि ब्राझील, भारत, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका, तुर्कस्तान यांची चलने घसरली.

आता तुमच्या प्रबंधाबद्दल. गेल्या दोन दशकांत बऱ्याच उदयोन्मुख देशांची सरकारे स्वतःच्या चलनात रोखे विकू लागली आणि ते परदेशी गुंतवणूकदार घेऊ लागले. वरकरणी मूळ पाप धुतले गेले. ऑगस्टिन कार्स्टन्स आणि ह्युन सोंग शिन यांनी २०१९ मध्ये दाखवून दिले की चलनाचा धोका नाहीसा झालेला नाही, तो गुंतवणूकदाराच्या ताळेबंदात सरकला आहे. त्याचा हिशोब डॉलरमध्ये असतो. स्थानिक चलन घसरले की त्याचा तोटा वाढतो, तो रोखे विकतो, देशातले व्याजदर चढतात आणि चलन आणखी घसरते. दरम्यान, सरकारने डॉलर कर्ज सोडले तरी त्याच देशांतल्या कंपन्या परदेशातल्या उपकंपन्यांमार्फत ते उचलत राहिल्या, आणि देशाच्या बाह्य कर्जाच्या आकड्यात यातले सगळे दिसत नाही. हा धोका देशांतर्गत लहान कर्जदारापर्यंत कसा पोहोचतो, यावर अजून पुरेसे काम झालेले नाही. विषय इथे शोधा.

माहिती दोन ठिकाणांहून घ्या. 'बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स', म्हणजे बीआयएस या मध्यवर्ती बँकांच्या आंतरराष्ट्रीय बँकेची रोख्यांची आकडेवारी दोन पद्धतींची असते, एक कर्जदार कुठे राहतो त्यानुसार आणि दुसरी त्याची मूळ कंपनी कुठली त्यानुसार. दोन्हींमधला फरकच तुम्हाला बरेच काही सांगेल. दुसरे ठिकाण म्हणजे कंपन्यांचे वार्षिक अहवाल. मुख्य तक्त्यांत काही सापडणार नाही, मागच्या टिपा वाचा: परकीय चलनातली देणी किती, त्यातली हेज केलेली, म्हणजे विनिमय दराच्या धोक्यापासून संरक्षण घेतलेली, किती, उघडी किती, परतफेड कोणत्या वर्षी. मार्च २०२० मध्ये साथीच्या भीतीने उदयोन्मुख देशांतून पैसा फार वेगाने बाहेर गेला होता आणि त्याचा कोणत्याही एका कंपनीच्या कारभाराशी संबंध नव्हता, म्हणून तुलनेसाठी तो चांगला धक्का आहे. एका देशातल्या वीस-पंचवीस कंपन्या घ्या, निम्म्या निर्यातदार आणि निम्म्या देशातच विकणाऱ्या. त्या तारखेच्या आधीचा आणि नंतरचा अहवाल शेजारी शेजारी ठेवा आणि त्यांनी पुरवठादारांची देणी थकवली का, ते आधी पाहा.